देशावरचा कप्तान

४ डिसेंबर १९७१. पहाटेची थंडी बोचरी आहे आणि तुम्ही कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर चुलवाणाशी शेकत उभे आहात. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्यात. काल संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या हवाईतळांवर बॉम्ब टाकले. मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या. युद्ध सुरू झालं. भोवतीची माणसं बोलतात ती फौजेत गेलेल्या पोरांबद्दल, बेळगावच्या मराठा सेंटरबद्दल, सरहद्दीबद्दल. समुद्राचं नाव कुणी काढत नाही. काढायला कुणी समुद्रावर गेलेलंच नाही.

मी तुम्हाला समुद्रावर नेणार आहे. या घटकेला बंगालच्या उपसागरात 'कमोर्ता' नावाच्या लहानशा युद्धनौकेच्या ब्रिजवर चव्वेचाळीस वर्षांचा एक कप्तान उभा आहे: मनोहर प्रल्हाद आवटी. त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचंय. पण आधी दोन ठिकाणी थांबू. त्याशिवाय या माणसाची धडपड तुम्हाला नीट कळायची नाही.

पहिला मुक्काम जवळचाच. साल १८१२, जागा मालवण. तुम्ही सिंधुदुर्गाच्या तटावर आहात. हा किल्ला कोल्हापूरचा आहे, खाली नांगरलेली गलबतंही कोल्हापूरचीच. करवीरच्या गादीला समुद्र आहे, बंदर आहे, लढाऊ जहाजं आहेत, हे आज कितीजणांना ठाऊक असतं? १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं होतं, पण पैसे घेऊन तो परत करावा लागला. या वेळी मात्र कायमचं जातंय. तहात लिहिलंय: मालवण बंदर आणि तिथले किल्ले कंपनीला द्यायचे, आणि कोल्हापूरने यापुढे लढाऊ जहाजं बाळगायची नाहीत. चाचेगिरीचा बंदोबस्त हे त्याचं सांगायचं कारण. तटावरून उतरताना मागे बघा. घाटावरच्या एका राज्याची समुद्राकडची खिडकी बंद झाली. पुढे दोन-तीन पिढ्यांत घाटावरचा माणूस विसरूनच गेला की ही खिडकी कधी होती. कुस्ती, शेती, फौज ही आपली, दर्या कोकणातल्यांचा. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, एका तहाने तिला मोठा हातभार लावलाय, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा मुक्काम १९४५ चा. दुसरं महायुद्ध संपायला आलंय. सुरतेत १९२७ मध्ये जन्मलेला एक पोरगा रॉयल इंडियन नेव्हीत दाखल होतोय आणि प्रशिक्षणासाठी त्याची रवानगी विलायतेला व्हायचीय. त्याच्याबरोबर जा. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर तो मिडशिपमन म्हणून शिकतो: तारे पाहून जागा काढणं, दोर, झेंड्यांचे आणि दिव्यांचे संदेश. संदेशवहन हाच पुढे त्याचा खास विषय झाला. तो तिकडे शिकत असताना इकडे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरच्या खलाशांनी बंड केलं. मग देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि आरमाराचीही वाटणी झाली. एकाच मेसमध्ये जेवलेली माणसं दोन आरमारांत गेली. तो १९५० मध्ये परतला तेव्हा त्या वर्षीच्या २६ जानेवारीला नौदलाच्या नावातला 'रॉयल' गळून पडला होता.

या माणसाच्या हाताखाली पुढे एक विनाशिका आली, 'आयएनएस रणजित'. तिच्यावर थोडा वेळ चढूया, कारण विनाशिकेवर घडलेला कप्तान निराळाच असतो. ही मूळची 'एचएमएस रिडाउट', १९४२ ची. महायुद्धात ती याच हिंदी महासागरात फिरली आणि १९४९ मध्ये आपल्याकडे आली. 'राजपूत' आणि 'राणा' या तिच्या बहिणी. अंगाने लांबट, चिंचोळी, वेगवान. ब्रिजवर छप्पर नाही. पाऊस आणि लाटांचे तुषार थेट तोंडावर. जहाज एवढं कलतं की उभं राहायला हात मोकळा ठेवावा लागतो. मोठ्या जहाजांना टॉर्पेडोपासून वाचवण्यासाठी ही जात जन्माला आली. म्हणजे तिच्या कप्तानाचं काम दुसऱ्याच्या जिवाशी बांधलेलं. तो समुद्रावर असताना खालच्या आपल्या प्रशस्त केबिनमध्ये झोपत नाही. ब्रिजलगतच्या खुराड्यात कपड्यांनिशी पाठ टेकतो आणि हाक आली की काही पावलांत वर येतो. त्याच्या हाताशी तोफा असतात, पाण्यात सोडायचे डेप्थ चार्ज असतात, आणि सतत एकच विचार असतो: मोठं जहाज कुठे आहे, आणि त्याच्या आणि धोक्याच्या मध्ये मी आहे ना?

आता चला उपसागरात.

'कमोर्ता' रणजितपेक्षाही लहान. वजन हजार-अकराशे टन, लांबी ब्याऐंशी मीटरच्या आसपास, नाव निकोबारातल्या बेटाचं. सोव्हिएत युनियनकडून घेतलेली ही पाणबुडीविरोधी नौका. या वर्गाच्या जहाजांसाठी आपली पोरं व्लादिव्होस्तोकच्या थंडीत जाऊन रशियन भाषेसकट शिकून आली. थंड समुद्रासाठी बांधलेलं हे जहाज आता उष्ण कटिबंधात चालतंय. इंजिनरूममध्ये उतरलात तर दोन मिनिटांत अंगरखा पिळून काढावा लागेल. पुढे-मागे शहात्तर मिलिमीटरच्या जोड-तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या, आणि पाणबुडीवर मारा करणारे अनेक नळ्यांचे रॉकेट लाँचर.

हे सगळं ज्याच्यासाठी, ते क्षितिजावर दिसतंय का पाहा. विमानवाहू 'विक्रांत'. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलाय. चोवीस-पंचवीस नॉट पळणारं जहाज आता सोळाच्या आसपास रखडतंय. अनेकांचं म्हणणं होतं की तिला बंदरातच ठेवा. पूर्व विभागाचे सरसेनापती व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी ऐकलं नाही. 'विक्रांत' पूर्वेच्या ताफ्याचा कणा झाली. ताफ्याचे प्रमुख रिअर अॅडमिरल एस. एच. शर्मा. 'ब्रह्मपुत्रा', 'बियास', 'कमोर्ता', 'कवरत्ती' ही तिच्याभोवतीची राखण.

४ तारखेच्या सकाळी सी हॉक विमानं कॉक्स बझारकडे निघतात. ती वर जाताना पाहायचा मोह होईल, पण तुम्ही नजर पाण्यावर ठेवा. आवटींची तिथेच आहे. कारण सांगतो. विमान उडवायचं तर जहाजाला वाऱ्याच्या तोंडाला वळावं लागतं आणि डेकवर पुरेसा वारा मिळेपर्यंत एकाच दिशेने, एकाच वेगाने चालावं लागतं. डिसेंबरात उपसागरातला वारा मंद. त्यात बॉयलर गेलेला. म्हणजे ठरावीक दिशेने संथ चाललेलं, लपता न येणारं प्रचंड जहाज. पाणबुडीचा कप्तान याच घटकेची वाट बघत असतो. विमानं परतताना पुन्हा तेच. दिवसातून अनेकदा 'विक्रांत' अशी छाती उघडी टाकते आणि दर वेळी 'कमोर्ता'ला तिच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये उभं राहावं लागतं.

खाली सोनारच्या खोलीत या. अंधारी, कोंदट जागा. कानाला हेडफोन लावलेला पंचविशीतला खलाशी आवाज पाण्यात सोडतो आणि परतून येणाऱ्या पडसादाला कान देतो. हे ऐकणं इथे फार कठीण. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी उपसागरात पसरतं आणि खाऱ्या पाण्यावर थर धरतं. वेगळ्या क्षाराच्या, वेगळ्या तापमानाच्या थरांतून जाताना आवाज वाकतो, हरवतो. माशांचा थवा पाणबुडीसारखा वाजतो, बुडालेलं जुनं जहाज पाणबुडीसारखं वाजतं. पडसाद आला की खलाशी दिशा आणि अंतर ओरडून सांगतो, ब्रिजवर घंटा होते, आणि निर्णय एकाच माणसाला घ्यावा लागतो. मारा करायचा की नाही? चुकीच्या पडसादावर दारूगोळा उडवला तर खऱ्या वेळी हात रिकामे. सोडून दिला आणि ती पाणबुडीच असली तर 'विक्रांत' गेली, आणि तिच्याबरोबर हजारावर माणसं. असा निर्णय दिवसा, रात्री, जेवताना, डुलकी लागताना पुन्हा पुन्हा घ्यायचा. कप्तानपद म्हणतात ते हे. लढाईच्या कथांत तोफांना जागा मिळते. माझ्या मते या ऐकण्याला त्याहून मोठी मिळायला हवी.

आणि आता तुम्हाला पुढच्या काळातून एक गोष्ट ठाऊक आहे, जी ब्रिजवर कुणालाही खात्रीने ठाऊक नाही. ज्या पाकिस्तानी पाणबुडीची सगळ्यांना धास्ती आहे ती 'गाझी' आता उरलेली नाही. १४ नोव्हेंबरला कराची सोडून ती 'विक्रांत'च्या शोधात आली होती. कृष्णन यांनी खोटे संदेश आणि बाजारात मुद्दाम पसरवलेल्या बातम्यांनी तिला विशाखापट्टणमकडे ओढलं, 'विक्रांत' तिथेच आहे असं भासवलं. त्या सोंगात 'विक्रांत'ची भूमिका कुणाला दिली? 'राजपूत'ला, रणजितच्याच थोरल्या बहिणीला. ती म्हातारी विनाशिका सेवेतून काढायच्या बेतात होती. ३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग तिला बंदराबाहेर नेत असताना त्यांनी संशयावरून डेप्थ चार्ज टाकले. त्याच रात्री 'गाझी' सगळ्या माणसांसकट बुडाली. डेप्थ चार्जने, की तिच्याच पोटातल्या स्फोटाने, यावर दोन देशांत अजून वाद आहे. तिच्यावरची माणसंही कुणाची तरी होती. समुद्रावर काम केलेले लोक हे विसरत नाहीत.

पण ही बातमी जाहीर व्हायला ९ तारीख उजाडली. तोवर राखण करणाऱ्यांनी काय करायचं? तिकडे तेलाचा तवंग दिसला, काही तुकडे मिळाले, एवढ्यावर कुठला कप्तान सोनार बंद करील? मेलेल्या शत्रूवर पहारा चालू राहिला, जिवंत शत्रूवर असावा तितकाच कडक.

त्याच ९ डिसेंबरच्या रात्री पश्चिमेला, दीवजवळ, 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेवर टॉर्पेडो मारला. जहाज काही मिनिटांत गेलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी बुडाले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना बाहेर काढलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. 'खुकरी'ही पाणबुडीच शोधायला निघाली होती. म्हणजे 'कमोर्ता'च्याच कामावरची, त्याच जातीच्या जबाबदारीची नौका. ज्याने पाणबुडीविरोधी जहाज चालवलंय त्याला ही बातमी कशी लागली असेल, ते मी शब्दांत आणायचा प्रयत्न करत नाही.

पुढचे दिवस नाकेबंदीचे. तुम्ही किनाऱ्याजवळ सरकलाय. पाणी उथळ, गढूळ, चितगावच्या मुखाशी सुरुंग पेरलेले. ताफ्याचं काम सोपं सांगायचं तर दार लावून घेणं: समुद्रावाटे काही आत जाऊ नये, कुणी बाहेर निसटू नये. क्षितिजावर दिसणारं प्रत्येक व्यापारी जहाज थांबवायचं, झेंडा खरा की रंग बदलून लावलेला हे पाहायचं, कागद तपासायचे. आवटी स्क्वाड्रनचे वरिष्ठ अधिकारी, त्यामुळे आपल्या जहाजाबरोबर इतरांचीही जोखीम त्यांच्यावर. लहान जहाजांची इंधनाची टाकी लहान; भर समुद्रात दुसऱ्या जहाजाच्या बगलेला चालत नळीने तेल घ्यायचं, आणि त्या वेळीही कान पाण्याखाली. पाणबुड्या आणि सुरुंग यांचा धोका असलेल्या पाण्यात आपली जहाजं नेऊन शत्रूची मालवाहू जहाजं पकडणं, हीच कामगिरी पुढे त्यांच्या वीरचक्राच्या मानपत्रात आली.

एक फेरा आत, नद्यांच्या जाळ्याकडे मारून येऊ. तिथे कमांडर मोहन सामंत 'पनवेल' आणि मुक्तिबाहिनीच्या 'पद्मा', 'पलाश' या बोटी घेऊन मोंगला-खुलन्याकडे शिरलेत. हेही मराठी नाव, तेही एका पाणबुडी अधिकाऱ्याचं. १० तारखेला आपल्याच विमानांनी चुकून 'पद्मा' आणि 'पलाश' उडवल्या, तरी सामंत मागे फिरले नाहीत. त्यांना महावीरचक्र मिळालं. महाराष्ट्रातल्या किती शाळकरी पोरांना हे नाव माहीत आहे?

पुन्हा ब्रिजवर. अमेरिकेच्या सातव्या आरमारातली 'एंटरप्राइझ' उपसागराकडे येतेय. अणुशक्तीवर चालणारं ते जहाज, आणि आपल्या ताफ्याचा कणा तडा गेलेल्या बॉयलरवर. ताफा जागेवरून हलत नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागतीवर सही केली. समुद्राची वाट बंद होती, हे त्या सहीमागच्या मोठ्या कारणांपैकी एक. पळून जायला जहाज नव्हतं आणि मदत यायलाही नव्हतं.

इथून काळ भराभर पुढे सरकू द्या. बढत्यांची यादी वाचून कुणाची ओळख होत नाही. 'म्हैसूर' या क्रूझरची कमान, खडकवासल्याच्या एनडीएचं प्रमुखपद, पश्चिमेचा ताफा, शेवटी पश्चिम नौदल विभागाचे सरसेनापती, आणि १९८३ मध्ये निवृत्ती. यातली एकच गोष्ट मी थांबून दाखवीन. १९७८ मध्ये त्यांनी मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली. गणवेशातल्या माणसाला आरमाराच्या इतिहासाची संस्था काढावीशी का वाटावी? मालवणच्या तटावर तुम्ही जे पाहिलंत, ते त्यांनी अभ्यासातून पाहिलं होतं. जहाजं परत मिळवता येतात. समुद्राची सवय एकदा सुटली की ती मिळवायला पिढ्या जातात.

आता विंचुर्णीला चला. फलटणजवळचं गाव, सातारा जिल्हा, पावसाच्या सावलीतला कोरडा मुलूख. समुद्र इथून सह्याद्रीच्या पलीकडे. सरसेनापती निवृत्तीनंतर इथे राहतात. लोक समजतात म्हातारा आता शेती-झाडं बघेल. त्यांच्या डोक्यात मात्र एक जुनी बोच आहे. १९६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या इंग्रजाने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. जगात पहिल्यांदा. आणि त्याची 'सुहेली' ही शिडाची होडी बांधली गेली होती आपल्या मुंबईत. होडी आमची, सुतारकाम आमचं, आणि आमचा एकही माणूस तसा गेला नाही? युद्धनौकेवर यंत्रं माणसाचं रक्षण करतात. शिडाच्या होडीवर माणूस वाऱ्याशी थेट बोलतो, आणि खलाशी तिथेच घडतो, असं त्यांचं म्हणणं. हा हट्ट त्यांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर नौदलाच्या गळी उतरवला.

२००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात होडी आकाराला आली. वादळी महासागरांसाठी अशी होडी इथे कधी कुणी बांधली नव्हती. तुम्ही तिथे उभे राहा: मांडवीचं पाणी, लाकडाचा आणि रेझिनचा वास, छप्पन्न फुटांचा सांगाडा. नाव ठेवलं 'म्हादेई'. ती नदी उगम पावते आपल्या शेजारी, खानापूरच्या रानात. घाटावरून उतरून समुद्राला मिळणाऱ्या नदीचं नाव.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन, असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. विंचुर्णीच्या म्हाताऱ्याचं एवढ्यावर भागलं नाही; न थांबता कोण जाणार? १ नोव्हेंबर २०१२ ला अभिलाष टॉमी त्याच 'म्हादेई'तून गेले आणि पाच महिन्यांनी, कुठल्याही बंदराला पाय न लावता, ३१ मार्चला मुंबईत आले. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि पाच सहकारी 'तारिणी'तून जग फिरून आल्या. तीही दिवाडीचीच होडी.

मधल्या काळात, २३ ऑगस्ट २०१४ ला, विशाखापट्टणमला नवी 'कमोर्ता' नौदलात आली. जुनीपेक्षा कितीतरी मोठी, कोलकात्यात बांधलेली, काम तेच: पाण्याखाली ऐकणं.

सप्टेंबर २०१८. टॉमी पुन्हा समुद्रावर, नॉक्स-जॉन्स्टनच्या त्या प्रदक्षिणेच्या स्मरणार्थ भरलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत. होडी 'सुहेली'च्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया'. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीचा कणा दुखावला, हलता येईना. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ही बातमी आली तेव्हा विंचुर्णीचा म्हातारा एक्क्याण्णव वर्षांचा होता. ३ नोव्हेंबरला व्हाइस अॅडमिरल आवटी गेले.

तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की टॉमींचा समुद्र संपला. कण्यात धातूच्या पट्ट्या बसवून घेऊन, चालायला नव्याने शिकून ते पुढच्या शर्यतीला उभे राहिले. एप्रिल २०२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर, सगळं जग एकट्याने फिरून, त्यांची होडी दुसरी आली.